खोडदला दुर्बीण असताना एसकेएवर १२५० कोटी का?

उत्तररात्र:
नारायणगावजवळ खोडदला आपली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तरी दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहणाऱ्या एसकेए या अनेक देशांच्या भागीदारीतल्या रेडिओ दुर्बिणीसाठी केंद्राने १२५० कोटी मंजूर केले. तेवढ्यात खोडदलाच आणखी डिश बसल्या नसत्या का? आणि भागीदारीत गेल्यावर आपल्या हातात काय उरतं?

जाळीदार:
नुसतं क्षेत्रफळ धरलं तर शंका रास्त आहे. जीएमआरटीच्या ४५ मीटरच्या ३० डिश म्हणजे सुमारे ४७,७०० चौरस मीटर. एसकेएच्या आफ्रिकेतल्या भागात १५ मीटरच्या १३३ आणि तिथल्याच मीरकॅट या आधीच्या दुर्बिणीच्या १३.५ मीटरच्या ६४ मिळून ३२,७०० च्या आसपासच भरतात. पण प्रतिमा तयार होते ती डिशच्या जोड्यांमधून. ३० डिशच्या जोड्या ४३५, १९७ डिशच्या १९,३०६! शिवाय आपली डिश तारेच्या जाळीची. जीएमआरटी उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या या कल्पनेमुळे वारा आरपार जातो, सांगाडा हलका राहतो, खर्च वाचतो. मात्र लहरी आखूड झाल्या की जाळीचं काम भागत नाही, म्हणून १४६० मेगाहर्ट्झच्या आसपास आपण थांबतो. एसकेएची भरीव डिश १५ गिगाहर्ट्झपर्यंत जाते.

खोडदला डिश वाढवल्या तरी रेडिओ लहरींचा गोंगाट तोच राहणार. मोबाईल टॉवर ९०० मेगाहर्ट्झच्या आसपास त्रास देतात. विजेच्या लाइनवर इन्सुलेटर खराब झाला की ठिणग्या पडतात आणि त्यांची खरखर खालच्या पट्ट्यांत, विशेषतः ३०० मेगाहर्ट्झच्या खाली, सगळा डेटा खराब करते. एसकेएच्या जागा, म्हणजे आफ्रिकेतलं कारू आणि ऑस्ट्रेलियातलं मर्चिसन, तिथे वस्तीच विरळ आहे.

उत्तररात्र:
मग जीएमआरटीची गरज संपली म्हणायची?

स्पंदक_४००:
अजिबात नाही! उत्तर ध्रुवाकडचं आकाश एसकेएच्या जागांवरून दिसतच नाही, खोडदहून दिसतं. दुसरं म्हणजे पल्सारचे, म्हणजे घड्याळासारखे नियमित रेडिओ स्पंद देणाऱ्या, फिरत्या मृत ताऱ्यांचे ठोके. वाटेतल्या इलेक्ट्रॉनमुळे ठोका उशिरा पोचतो आणि हा उशीर वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. वाटेत किती इलेक्ट्रॉन आहेत हे सांगणारा आकडा म्हणजे डीएम. तो १० असेल तर १४०० मेगाहर्ट्झला सुमारे २१ मिलिसेकंद, ४०० ला जवळपास २६०. म्हणजे डीएममधला किंचित बदलही खालच्या पट्ट्यात स्पष्ट पकडता येतो. पल्सारचे ठोके मोजणारा भारतातला इनपीटीए गट डिशचे उपगट पाडून ३००–५०० आणि १२६०–१४६० मेगाहर्ट्झ हे दोन्ही पट्टे एकाच वेळी घेतो. २०२३ मध्ये ही मोजमापं युरोपच्या गटाच्या मोजमापांशी जोडली गेली, त्यातून नॅनोहर्ट्झ (एकेका आंदोलनाला वर्षानुवर्षं घेणाऱ्या) गुरुत्वीय लहरींचा पुरावा पुढे आला. दुर्बीण आपली, आकडे सामाईक. मला हीच भागीदारी सगळ्यात मोलाची वाटते.

जाळीदार:
हातात काय उरतं, याचं उत्तर राहिलं. एसकेएत वाटा केवळ रोख भरायचा नसतो, कामही करून द्यायचं असतं. दुर्बिणीच्या नियंत्रण सॉफ्टवेअरमध्ये जीएमआरटी चालवणाऱ्या पुण्याच्या एनसीआरए या संस्थेचा पुढाकार आहे. ते कौशल्य ती दुर्बीण चालवता चालवताच आलं. घरची दुर्बीण बंद पडली तर पुढच्या पिढीने रिसीव्हर उघडून शिकायचं कुठे? म्हणून एसकेएचा वाटा भरताना खोडदच्या देखभालीच्या तरतुदीला हात लागता कामा नये.