खाण्याचा टक्का घसरला म्हणजे घरं सुखवस्तू झाली का? ‘वाणसामान’, ‘खतावणी’ आणि ‘मापटं’ या तिघांचा वाद.

वाणसामान: १९९९-२००० च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत, म्हणजे घरखर्चाच्या सरकारी पाहणीत, एकूण खर्चातला खाण्याचा वाटा गावात ५९.४ टक्के होता, शहरात ४८. २०२२-२३ मध्ये तोच ४६.४ आणि ३९.२. पोट भरून चार पैसे इतर गोष्टींना उरतात, तरी ‘परवडत नाही’ ही ओरड आहेच!

खतावणी: टक्का घसरला म्हणजे पैसा उरला, हे कुणी सांगितलं? घराचा हप्ता या पाहणीत धरतच नाहीत. कर्जफेड म्हणजे उपभोग नव्हे. ४० लाखांचं कर्ज, ८.५ टक्के, २० वर्षं: महिन्याचा हप्ता सुमारे ३४,७००. खाणं १८,००० आणि बाकी खर्च २७,००० असेल तर खाण्याचा वाटा ४० टक्के. हप्ता मिळवा, वाटा २३ च्याही खाली. मग हे घर जास्त सुखवस्तू ठरलं का?

मापटं: शिवाय २०२२-२३ ला एकाच घरी तीन वेगवेगळ्या भेटी देऊन माहिती घेतली, आधी एकदाच घेत. जुन्या आकड्यांशी सरळ तुलना जपूनच. आणि तृणधान्याचा वाटा गावात २२ वरून जेमतेम ५ टक्क्यांवर आला तो रेशनमुळेही. माणशी ५ किलो धान्य फुकट मिळालं की पाहणीच्या वहीत त्याचा खर्च शून्य पडतो.

वाणसामान: फुकट वस्तूंची किंमत धरूनही आकडा काढलाय. गावात माणशी महिन्याचा एकूण खर्च ३,७७३ चा ३,८६० रुपये होतो. ८७ रुपयांनी काय मोठा फरक पडतो? खरा बदल पाकिटातल्या खाऊत आणि बाहेरच्या जेवणात आहे. शहरात पेयं, तयार खाणं मिळून १०.६ टक्के, तृणधान्याच्या जवळपास तिप्पट. पोळीभाजीचा डबा आणि रात्री मागवलेली बिर्याणी, दोन्ही त्यातच.

खतावणी: म्हणजे ‘खाणं’ या रकान्यातच चैन शिरलीय, हे तुम्हीच कबूल केलंत. घरची वही तरी नीट ठेवा. शाळेची फी, विमा, दिवाळीचे कपडे यांची वर्षाची रक्कम भागिले १२. कार्डावरची खरेदी लिहिली असेल तर कार्डाचं बिल पुन्हा लिहू नका. हमखास दुप्पट होतं. हप्त्यातलं व्याज खर्चात, मुद्दल बचतीत.

मापटं: मुद्दल बचतीत कसलं? वरच्याच कर्जात पहिल्या महिन्याचं व्याज २८,३३३ आणि मुद्दल साधारण ६,४००. ती ‘बचत’ जूनमध्ये फी भरायला काढून दाखवा.