तुरुंगात ठेवली तशी झाडापानांची वही घरी बसून ठेवता येईल का?

पायबंद, चाळीसगाव
पाय प्लास्टरमध्ये आहे, पावसाळा घरातच जाणार. सध्या जर्मनीतल्या समाजवादी नेत्या रोझा लक्झेंबर्गबद्दल वाचतोय. पहिल्या महायुद्धाला विरोध केला म्हणून 1916 च्या जुलैत बाईंना खटला न चालवताच आत टाकलं, सुटका थेट नोव्हेंबर 1918 मध्ये. झाडंपानं दाबून वहीत लावायचा नाद 1913 पासूनचा, तो आतही सुटला नाही. माझ्या आवाक्यात फक्त अंगण: फरशीच्या फटीतला दगडीपाला, घोळ, केना, भिंतीशी आघाडा. एवढ्यावर वही होईल? आणि घोळ दाबून ठेवली तर वाळतच नाही, रद्दीत हिरवीगार बसून राहते. काय करावं?

जुना लॅबवाला, धुळे
होते की, भाऊ. व्रोंकेच्या तुरुंगात बाईंना छोटी बाग तरी होती. 1917 मध्ये ब्रेस्लाउच्या तुरुंगात हलवलं, तिथे फिरायला फरसबंदी आवार. मग बाहेरच्या मैत्रिणी फुलं पाठवायच्या. तुम्हीही पुतण्याला बांधावर पिटाळा.

घोळ मांसल असते, दाबली तरी जगते. उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवा, टिपून घ्या, मग दाबा. फूल मात्र पाण्याबाहेर ठेवा. रद्दी रोज बदला. आपल्याकडे श्रावणात एक दिवस चुकला की बुरशी आलीच.

केन्याची गंमत वेगळी. निळ्या पाकळ्या दुपारपर्यंत विरघळल्यासारख्या होतात, कागदावर नुसता डाग उरतो. म्हणून रंग, वेळ, उंची, जागा फुलासमोर बसूनच लिहा, वाळल्यावर आठवून नको. आणि एक केना मुळासकट अलगद उकरा. मातीखाली पांढुरक्या फांद्यांना न उमलणारी फुलं येतात, बी तिथेच धरतं. आमच्या कॉलेजात पोरं वरवरचं तोडून आणायची आणि जर्नलला ‘उत्तम’ शेरा घेऊन जायची. असो.

बाई झुरिकला आधी निसर्गविज्ञान शिकलेल्या. नमुन्याशेजारी लॅटिन नाव, जर्मन नाव, कुळ लिहायच्या. तुम्ही जर्मनच्या जागी आजी म्हणते ते नाव लिहा.

काळीमाती, चोपडा
दादा, वहीपुरता केना ठीक आहे, पण उकरलेला उकिरड्यावर फेकू नका. आमच्या कपाशीत निंदून बांधावर टाकलेला एका पावसात कांड्यांतून परत मूळ धरतो. आता कळलं, खालूनही बी टाकतो मेला!

पायबंद, चाळीसगाव
लॅबवाले काका, घोळीचा उपाय आजच करतो. केना पुतण्याकडून उकरून घेतला, फांदीला बारीक फुगीर कळ्या दिसतायत, त्याच का? आणि रंगीत पुरवणीचा कागद चालेल?

जुना लॅबवाला, धुळे
त्याच. एक उभी चिरून भिंगाखाली बघा, आत बी धरताना दिसेल. पुरवणी नको, गुळगुळीत कागद पाणी ओढत नाही. साधं वर्तमानपत्र घ्या, वर पाटा ठेवा.