परक्या देशात ऐकू जाणारा मिशनरी रेडिओ: हक्क की घुसखोरी?

रानवारा (धागाकर्ता)

दुसऱ्या एका धाग्यावर परवा एक वाक्य वाचलं: "मिशनरी रेडिओ ही हवेतून केलेली घुसखोरी आहे, जगभर बंदी हवी." तिथे विषय वेगळा होता, म्हणून इथे स्वतंत्र लिहितो. मी ख्रिस्ती नाही, कुठलाच धर्म पाळत नाही. तरी माझं मत ठाम आहे. ही प्रक्षेपणं बंद पाडणं, त्यांच्या लहरींवर कर्कश आवाज सोडून ती बुजवणं तेव्हाही चूक होतं आणि आजही चूक आहे.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडं मागचं. मिशनरी रेडिओ म्हणजे धर्मप्रसारासाठी एका देशातून दुसऱ्या देशात ऐकवली जाणारी ख्रिस्ती केंद्रं. १९३१ च्या फेब्रुवारीत मार्कोनीने उभारलेलं व्हॅटिकन रेडिओ सुरू झालं आणि त्याच वर्षी नाताळच्या दिवशी इक्वादोरमधल्या कीटोहून प्रोटेस्टंट मिशनऱ्यांचं एचसीजेबी हे केंद्र. १९४८ मध्ये फिलिपाइन्समधल्या मनिलाहून एफईबीसी (फार ईस्ट ब्रॉडकास्टिंग कंपनी), १९५४ मध्ये लायबेरियातून एल्वा, हीही मिशनऱ्यांचीच केंद्रं. त्याच वर्षी मोरोक्कोतल्या टँजियरला एक छोटं केंद्र निघालं, ते १९६० मध्ये मोंटे कार्लोला गेलं आणि ट्रान्स वर्ल्ड रेडिओ म्हणून वाढलं. १९८५ मध्ये यातल्या मोठ्या संस्थांनी मिळून ठरवलं की दहा लाखांहून जास्त लोक बोलतात अशा प्रत्येक भाषेत २००० सालापर्यंत कार्यक्रम पोचवायचे.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. सरकारी परदेशी सेवा भाषा निवडतात त्या परराष्ट्र धोरण बघून. बीबीसीच्या वर्ल्ड सर्व्हिसच्या भाषा चाळीसच्या आसपास आहेत. ट्रान्स वर्ल्ड रेडिओच्या दोनशेच्या वर. डोंगरातल्या ज्या लोकांची भाषा त्यांच्या स्वतःच्या देशाच्या रेडिओने कधी उच्चारली नाही, त्यांच्या भाषेत रोज ठरल्या वेळी बोलणारं कुणीतरी होतं, आणि बऱ्याच ठिकाणी ते मिशनरीच होते. हेतू धर्मप्रसाराचा होता हे मान्य. पण म्हणून काम खोटं ठरत नाही.

दुसरं, अल्बानियाने १९६७ मध्ये देवळं, मशिदी, चर्च सगळं बंद केलं आणि देश नास्तिक असल्याचं जाहीर केलं. अशा देशात श्रद्धावान माणसाने करायचं काय? चीनसाठी एफईबीसी बायबल सावकाश वाचत असे. एक वाक्य, मग थांबायचं, मग तेच वाक्य पुन्हा, म्हणजे ऐकणाऱ्याला लिहून घेता यावं. ग्रंथ हाताला मिळतच नव्हता, त्या माणसासाठी ही प्रत त्याच्याच अक्षरात तयार होत होती. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं १९ वं कलम माहिती मिळवण्याचा हक्क देतं तो देशांच्या सीमा न बघता. ज्याला नको आहे त्याने बटण फिरवावं.

---

साक्षेपी

पूर्ण असहमत. आणि "बटण फिरवावं" हे तर मला मान्यच नाही, त्याकडे शेवटी येतो.

आधी पैसा आणि सत्ता. शेकडो किलोवॅटचा ट्रान्समीटर उभा करायला किती पैसा लागतो? तो श्रोत्याकडून येत नाही, हजारो मैलांवरच्या देणगीदाराकडून येतो. म्हणजे बोलणारा एका देशात, पैसे देणारा दुसऱ्या देशात आणि ऐकणारा तिसऱ्या. तिसऱ्याला उलट बोलायची सोय नाही. तुम्ही म्हणता तो माहितीचा हक्क दोन्ही बाजूंनी असतो, इथे तो एकाच बाजूने वाहतो. ही तक्रार फक्त हुकूमशाही सरकारांची नव्हती. उपग्रहावरून थेट परदेशात टीव्ही दाखवण्यावर आंतरराष्ट्रीय नियम असावेत का, हा प्रश्न १९७२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आला तेव्हा ठराव १०२ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाला. विरोधातलं ते एक मत अमेरिकेचं. बाकीचं जग मूर्ख नव्हतं.

दुसरं, हे सगळं निव्वळ श्रद्धेपोटी चाललं होतं असं मानणं भाबडेपणाचं आहे. एफईबीसीच्या संस्थापकांपैकी एक जॉन ब्रोगर. हेच गृहस्थ १९५० च्या दशकात अमेरिकेच्या संरक्षण खात्यात गेले आणि 'मिलिटंट लिबर्टी' हा कम्युनिझमविरोधी वैचारिक मोहिमेचा आराखडा त्यांनी तयार केला. प्रत्येक मिशनरी हेर होता असं मी म्हणत नाही. पण शीतयुद्धात समोरच्या सरकारला संशय आला तर तो हवेतून आला नव्हता.

आता बटणाचं. व्हिएतनामच्या उत्तरेकडच्या डोंगरात ह्मोंग लोक राहतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी मनिलाहून येणारा एफईबीसीचा ह्मोंग भाषेतला कार्यक्रम ऐकला. गावात मिशनरीने पाऊल टाकलेलं नव्हतं. नुसत्या रेडिओवर गावंच्या गावं ख्रिस्ती झाली, पूर्वजांच्या वेद्या घराबाहेर गेल्या, सख्ख्या भावांमध्ये फूट पडली. सरकारने धाडी घातल्या, नवा धर्म सोडल्याच्या कागदांवर सह्या घेतल्या, हजारो कुटुंबं दक्षिणेच्या पठाराकडे निघून गेली. ज्या घराने रेडिओ कधी लावलाच नाही त्या घराच्या हातात कुठलं बटण होतं? शेजारी बदलतो तेव्हा गाव बदलतं.

---

लघुलहरी

तांत्रिक बाजू थोडी मांडतो, कारण दोघांच्याही बोलण्यात ती सुटली आहे.

लघुलहरी (शॉर्टवेव्ह) आयनमंडलावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परावर्तित होऊन येतात. सकाळची फ्रिक्वेन्सी रात्री चालत नाही, उन्हाळ्याची हिवाळ्यात चालत नाही, म्हणून वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं. श्रोत्याला ते कळवायला दुसरं साधन नसतं. त्यासाठी ही केंद्रं कार्यक्रमाआधी काही मिनिटं एकच धून वाजवत राहायची. मी स्वतः अंधारात काटा केसाएवढा सरकवत ती धून शोधली आहे. सापडली तरी ती येते, विरते, पुन्हा येते. एवढी खटपट करून ऐकणारा माणूस गाफील नसतो. त्याला ऐकायचंच असतं. म्हणून श्रोत्यावर आवाज लादला जातो हे मला पटत नाही.

अवांतर: कीटो समुद्रसपाटीपासून २८०० मीटरवर आहे. तिथल्या विरळ हवेत एचसीजेबीच्या अँटेनाच्या दांड्यांच्या टोकांवर ठिणग्यांचा झोत निघायचा, धातू वितळायचा. क्लॅरन्स मूर या अभियंत्याने १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला टोकंच नसलेली, चौकोनी कड्यांची अँटेना बांधली. ती 'क्यूबिकल क्वाड' आज जगभरचे हौशी रेडिओवाले वापरतात, त्यात कट्टर निरीश्वरवादीही आले. कीटोजवळच्या पिफोचं एचसीजेबीचं प्रक्षेपण केंद्र २००९ मध्ये बंद झालं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

---

पाळकपुत्र

मी ख्रिस्ती आहे, माझे वडील मंडळीचे, म्हणजे चर्चच्या श्रद्धावानांच्या समूहाचे, पाळक (धर्मगुरू) होते. म्हणून आतून बोलतो, आणि माझं उत्तर रानवारा यांना सोयीचं नाही.

सुवार्ता सांगणं हे आमचं कर्तव्य आहे, त्याबद्दल मी कुणाची क्षमा मागणार नाही. पण सांगायची रीतही तितकीच महत्त्वाची. अदिस अबाबाला १९६३ मध्ये लुथरन वर्ल्ड फेडरेशन या प्रोटेस्टंट चर्चांच्या संघटनेने 'रेडिओ व्हॉइस ऑफ द गॉस्पेल' सुरू केलं. त्यांचा दंडक होता की धार्मिक कार्यक्रम ३० टक्के, उरलेले ७० टक्के बातम्या, शिक्षण, आरोग्य, संस्कृती. कार्यक्रम तयार व्हायचे ते ठिकठिकाणच्या स्टुडिओंत, त्या त्या भाषेच्या माणसांकडून. इथिओपियाच्या लष्करी राजवटीने १२ मार्च १९७७ ला ते केंद्र ताब्यात घेतलं आणि त्याच यंत्रांवरून क्रांतीचा प्रचार सुरू केला. मला त्याचं आजही दुःख आहे, कारण मिशनरी रेडिओ कसा असावा याचा तो सगळ्यात चांगला नमुना होता.

बाकीच्यांनी काय केलं? बऱ्याच ठिकाणी परदेशात लिहिलेलं प्रवचन घ्यायचं, भाषांतर करायचं, वाचायचं. वाचणारा स्थानिक, विचार बाहेरचा. श्रोत्यांची पत्रं यायची, त्यातले उतारे देणगीदारांच्या पत्रकात छापले जायचे. त्या माणसाला प्रश्न काय पडलेत हे त्या उताऱ्यांतून कधीच कळत नसे. दहा लाखांची अट बघा. नऊ लाखांची भाषा मागे का पडावी? आत्मे मोजायला बसलो की असं होतं.

---

मृण्मयी

साक्षेपी, ह्मोंगांची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत. अभ्यासकांनी त्या गावांत जाऊन जे नोंदवलंय त्यात श्रोते असे बिचारे दिसत नाहीत. अंत्यविधीला गुरं बळी द्यावी लागत, लग्नात मुलीचं मोल द्यावं लागे, त्यापायी कर्ज होई. नव्या धर्माने हा खर्च उतरवला. शिवाय बहुसंख्याकांच्या राज्यात ज्यांना मागास म्हणून हिणवलं जात होतं त्यांना जगभरच्या एका मोठ्या समाजाचं नातं मिळालं. हा हिशोब त्यांनी स्वतः केला. धाडी रेडिओने घातल्या नाहीत, सरकारने घातल्या. मार खाणाऱ्याला बातमी कुणी दिली याचा शोध घेऊन मारणाऱ्याला मोकळं सोडू नका.

आणि रेडिओवरचा आवाज कुणा गोऱ्या माणसाचा नव्हता. तो कार्यक्रम सांगणारे जॉन ली स्वतः लाओसमधून आलेले ह्मोंग होते.

---

साक्षेपी

मृण्मयी, सरकारला मी मोकळं सोडलेलं नाही. सह्या घेणं हा अत्याचारच. श्रोत्यांनी स्वतःचा हिशोब केला हेही मानतो. पण ह्मोंगांमध्ये आपला राजा परत येईल ही जुनी आशा होती, आणि जॉन ली यांचं निरूपण तिला जाऊन भिडलं. ती आशा किती मोठी, किती जखमी आहे हे ह्मोंग माणसाला माहीत असणारच. माहीत असून कॅलिफोर्नियात बसून कार्यक्रम तयार करायचा आणि मनिलाहून ऐकवायचा, तर परिणामांची जबाबदारी नको?

आता पुढचं ऐका. हॅरल्ड कॅम्पिंग या अमेरिकन प्रवचनकाराने आपल्या 'फॅमिली रेडिओ'वरून सांगितलं की २१ मे २०११ ला प्रभू भक्तांना वर उचलून नेईल. ही भविष्यवाणी ह्मोंग भाषेतही गेली. त्याच महिन्याच्या सुरुवातीला व्हिएतनामच्या मुओंग न्ये भागात हजारो ह्मोंग डोंगरावर जमले. काहींना स्वतंत्र राज्य हवं होतं, काही त्या दिवसाची वाट बघत होते. सैन्य आलं, लोक पांगवले, खटले भरले, तुरुंगवास झाला. २१ मे आला आणि गेला. २०१२ च्या मार्चमध्ये कॅम्पिंग यांनी आपण चुकलो, तारीख सांगणं पाप होतं असं पत्र काढलं. त्यांच्यावर कुठला खटला चालला? रानवारा, याचं उत्तर द्या.

---

रानवारा

उत्तर देतो. कॅम्पिंग यांनी केलं ते अक्षम्य होतं. पण त्यांना त्या काळीच जाहीरपणे विरोध करणारे बहुतेक ख्रिस्तीच होते आणि त्यांच्यातही रेडिओवाले होते. ह्मोंग भाषेत पाच आवाज असते तर चौघांनी सांगितलं असतं की तारखेवर विश्वास ठेवू नका. बंदीमुळे नेमके हे चार आवाज कमी होतात. सरकारने गावात चर्चला नोंदणी दिली असती, पाळकांना शिकू दिलं असतं, तर डोंगरावर जायच्या आधी विचारायला जवळचं माणूस असतं. २००५ मध्ये व्हिएतनामच्या पंतप्रधानांनी प्रोटेस्टंटांना नोंदणीची वाट थोडी उघडून दिली, ती सगळीकडे पोचली नाही.

जबाबदारीचा मुद्दा मात्र मी घेतो. प्रत्येक केंद्राने आपल्या प्रत्येक भाषेतलं प्रत्येक भाषण लिखित स्वरूपात जाहीर करावं, भाषांतरासह. आता बरेचसे कार्यक्रम इंटरनेटवर आणि मोबाइलच्या मेमरी कार्डवर गेले आहेत, त्यामुळे ते अवघड नाही. पाळकपुत्रांनी सांगितलेला स्थानिक स्टुडिओचा नियमही हवाच.

---

साक्षेपी

भाषांतर कोण वाचणार? दोनशे भाषांतल्या भाषणांची तपासणी करायला ह्मोंग जाणणारा, धर्मशास्त्र जाणणारा आणि त्या संस्थेच्या पगारावर नसलेला माणूस लागेल. तसा माणूस नेमा, त्याचा खर्च देणगीतून काढा आणि त्याच्या हातात कार्यक्रम थांबवायचा अधिकार द्या. त्याशिवाय माझी सही नाही.

---

पाळकपुत्र

थांबवायचा अधिकार एका माणसाला दिला की पहिल्याच वर्षी तिथलं सरकार त्या माणसाच्या दारात उभं राहील. तो अधिकार श्रोत्यांच्याच मंडळीकडे हवा, आणि तो द्यायची तयारी आमच्या संस्थांमध्ये मला अजून दिसत नाही.