रॉयल एनफील्ड हिमालयन ४११ बाइकसाठी परवडेल असा पुढचा टायर, मदत हवी आहे

मंडळी, हिमालयन ४११ चा पुढचा टायर बदलायचाय. साइज ९०/९०-२१, ट्यूबवाला. नक्षीचे ठोकळे एका बाजूने झिजून करवतीचे दात झालेत. कन्नड घाटात उतरताना ब्रेक दाबला की हँडल थरथरतं. मागचा अजून बरा आहे. फिरणं बहुतेक डांबरीच, जळगाव-धुळे, पावसाळ्यात तोरणमाळ. मेटझेलर टुरन्स खिशाला झेपणार नाही. मग सिएट ग्रिप एक्सएलच पुन्हा टाकू की कमी नक्षीचा दुसरा एखादा? ओल्या घाटात पकड कोणाची चांगली? एका दुकानात स्वस्तात मिळत होता, पण बाजूवर ३२२१ छापलेलं, म्हणजे २०२१ च्या ३२व्या आठवड्यातला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पडून कडक झालेलं रबर फुकटही नको. जळगाव-भुसावळकडे ताजा माल कुठे मिळेल? ट्यूब न चिमटवता बसवणारा पंक्चरवालाही सुचवा.