अनुभव धागा : एकाच वर्गात नवखे आणि मुरलेले

कोल्हापूर आणि परिसरात प्रौढांना काही ना काही शिकवणाऱ्या मंडळींना आम्ही एकच विचारले होते. ज्या वर्गात कोणी त्या विषयात आयुष्य काढलेले आहे आणि कोणी पहिल्यांदाच त्याला हात लावतो आहे, तो वर्ग तुम्ही कसा चालवता? सल्ल्यांपेक्षा प्रत्यक्ष घडलेले लिहावे, अशी विनंती होती आणि बहुतेकांनी ती पाळली आहे. नावे न देता केवळ काम आणि ठिकाण दिले आहे.

सीएनसी टर्निंगचे प्रशिक्षक, शिवाजी उद्यमनगर

आमच्या सायंकाळच्या बॅचमध्ये नुकताच डिप्लोमा झालेला मुलगा आणि साध्या लेथवर निम्मे आयुष्य घालवलेले मिस्त्री शेजारी शेजारी बसतात. संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या सीएनसी लेथचे कोड मुलाला पाठ असतात. जी०० म्हणजे टूल वेगाने हलवणे, जी०१ म्हणजे ठरलेल्या फीडने सरळ कापत जाणे, हे तो झोपेतही सांगेल. मात्र लांब जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, चकच्या पकडीत किती आत धरावा, दुसऱ्या टोकाला टेलस्टॉकचा आधार कधी द्यावा, याचा त्याला अंदाज नसतो. मिस्त्रींना टूलची धार गेल्याचे आवाजावरून आणि निघणाऱ्या चिपच्या रंगावरून कळते, पण पडद्यावरच्या आकड्यांवर त्यांचा विश्वास बसत नाही.

या दोघांपैकी अनुभवी माणूसच जिथे हमखास अडतो, अशी एक जागा आहे. आमच्याकडच्या साध्या लेथवर टूल आत-बाहेर सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडची डायल एक मिलिमीटर पुढे नेली की टूल तितकेच आत जाते आणि व्यास मात्र दोन मिलिमीटरने उतरतो. ५० चा व्यास ४६ वर आणायचा असला, तर मिस्त्रींचा हात डायलवर दोनला आपोआप थांबतो. सीएनसी टर्निंगमध्ये एक्सची, म्हणजे टूलच्या याच आत-बाहेर सरकण्याची, किंमत सर्वसाधारणपणे व्यासातच धरलेली असते. त्यामुळे इन्क्रिमेंटल पद्धतीने, म्हणजे आहे तिथून किती सरकायचे ते सांगताना, चारऐवजी दोन लिहिले की जॉब ४८ वर राहतो. मायक्रोमीटर लावून दाखवल्यावर एका मिस्त्रींनी मला ठणकावले होते, "सर, मशीन खोटं बोलतंय बगा." मुलाकडून ही चूक होत नाही, कारण डायलची सवयच त्याच्या हाताला नाही.

अशा वेळी सूत्र फळ्यावर लिहून उपयोग होत नाही. मी दोघांनाही कोपऱ्यातल्या जुन्या लेथवर नेतो, डायल एकाने पुढे न्यायला सांगतो, जॉब मोजायला लावतो आणि मग तोच कट सीएनसीवर घेतो. मिस्त्रींचे गणित बरोबरच होते, फक्त निम्मे करण्याचे काम आता यंत्राने स्वतःकडे घेतले आहे, हे त्यांना त्यांच्याच यंत्रावर दिसते. त्यानंतर मी जोड्या लावतो, पण प्रत्येक जॉबला भूमिका बदलण्याची सक्ती असते. ती नसेल तर मुलगा फक्त टंकलेखक होतो आणि मिस्त्री फक्त सूचना देतात. दोघांनाही ते सोयीचे वाटते, म्हणून अधिक काळजी घ्यावी लागते.

साक्षरता वर्गातील स्वयंसेविका, करवीर तालुका

केंद्र सरकारच्या २०२२ ते २०२७ या काळासाठीच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात, म्हणजे ज्याला आपण 'उल्लास' म्हणतो त्यात, पंधरा वर्षांवरील निरक्षरांना शिकवले जाते. माझ्या वर्गात काही मावशी कधीच शाळेत न गेलेल्या आहेत, तर काहींची शाळा दुसरी-तिसरीत सुटली. नोंदवहीत मात्र दोघींपुढे 'निरक्षर' हा एकच शब्द लिहावा लागतो, आणि तो मला अपुरा वाटतो.

शाळेत न गेलेल्या एका मावशींनी मला दूध संस्थेची पावती दाखवली. फॅट ६.५ आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन पदार्थ) ९.०, हे आकडे त्या अचूक वाचत होत्या. इतकेच काय, फॅट ६.५ वरून ६.२ वर आली तर दरात काय फरक पडतो, हेही त्यांना ठाऊक होते. दशांश चिन्ह समजलेले आणि 'क' न ओळखणारे माणूस कोणत्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर बसते? तेव्हापासून माझा पहिला धडा पावतीवरच होतो. उत्पादकाचे नाव, गावाचे नाव, 'म्हैस' आणि 'गाय' ही अक्षरे त्या आधी चित्रासारखी ओळखतात आणि नंतर सुटी करतात.

ज्यांची शाळा मध्येच सुटली, त्यांच्याबरोबरचे काम मला अधिक अवघड वाटते. त्यांना अक्षरे येतात, पण लहानपणी खाल्लेल्या माराची आठवणही त्यांच्याबरोबर येते. फळ्यापाशी बोलावले की त्या पदर तोंडाला लावतात. त्यांना मी फळ्यावर बोलावत नाही. बचत गटाची वही पुढ्यात ठेवते आणि हप्त्यांची नोंद त्यांच्याकडून करून घेते.

संगणक टंकलेखनाच्या शिक्षिका, राजारामपुरी

पूर्वी यंत्रावर मराठी टंकलेखनाची परीक्षा दिलेले कर्मचारी आणि मोबाइलवर मराठी लिहिणारी मुले एकाच वेळी येतात. यंत्रावरच्या रेमिंग्टन पद्धतीत 'कि' लिहिताना कागदावर दिसते त्या क्रमाने आधी वेलांटी आणि नंतर 'क' उमटवतात. संगणकाच्या इन्स्क्रिप्ट कळफलकात उच्चाराच्या क्रमाने आधी 'क' आणि मग वेलांटी येते. जुना हात इन्स्क्रिप्टवर बसला की शब्दाच्या सुरुवातीला वेलांटीबरोबर ठिपक्यांचे वर्तुळ उमटते किंवा ती मागच्याच अक्षराला जाऊन चिकटते. वेग इतका असतो की चूक दिसेपर्यंत अर्धी ओळ झालेली असते.

मुलांना हा क्रम सांगावाही लागत नाही, पण ती दोन अंगठ्यांनी लिहितात आणि कळफलकावरून नजर उचलत नाहीत. म्हणजे एकाला बोटे आहेत आणि क्रम नाही, दुसऱ्याला क्रम आहे आणि बोटे नाहीत. मी पहिल्या तासाला कोणाला काय येते हे विचारत नाही. एक परिच्छेद देते आणि मागे उभी राहून हात पाहते. निवृत्तीला थोडाच काळ उरलेल्या माणसाला नवा कळफलक शिकवावाच का, हाही प्रश्न आहे. युनिकोडमध्ये रेमिंग्टनची मांडणी उपलब्ध आहे. ज्यांना परीक्षा द्यायची नाही, त्यांना मी तीच बसवून देते आणि या मतावर ठाम आहे.

पोहण्याचे प्रशिक्षक, कसबा बावडा

पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेला माणूस सहसा डोके पाण्याबाहेर ठेवून पोहतो. त्यामुळे पाय खाली जातात आणि एका फेरीत दम लागतो. पाण्याची भीती नसणे ही त्याची मोठी जमेची बाजू. फक्त पाण्यात तोंड घालून श्वास सोडायला शिकवणे नवख्यापेक्षा जास्त वेळ खाते. मी त्याला नवख्यांबरोबर कठड्याला धरून बुडबुडे काढायला लावतो. पहिल्या दिवशी अपमान वाटतो, दुसऱ्या दिवशी येतो.

गायन शिक्षिका, मंगळवार पेठ

अल्लादिया खाँसाहेबांसारख्या थोर गायकाच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या गावात गाणे शिकवताना थोडे दडपण असतेच. माझ्याकडे येणाऱ्या प्रौढ स्त्रियांपैकी काही भजनी मंडळात वर्षानुवर्षे गाणाऱ्या, तर काही निवृत्तीनंतर प्रथमच सूर लावणाऱ्या असतात. भजनातल्या आठ मात्रांच्या ठेक्यात पहिल्या गटाचे टाळ कधी चुकत नाहीत. पण सात मात्रांचा रूपक ताल सुरू केला की त्याच बायका अडखळतात, कारण रूपकात समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, 'खाली' (टाळी नसलेली जागा) येते आणि जिथे त्यांना टाळी द्यावीशी वाटते तिथे हात मोकळा सोडायचा असतो. नवख्या बायकांना ते विचित्र वाटत नाही. त्यांना सगळेच सारखे नवे असते. भजनी काकींना मी नवख्यांचा ठेका धरायला बसवते. दुसऱ्यासाठी मात्रा मोजताना त्यांची स्वतःची जुनी सवय सुटते, असे मला वारंवार दिसले आहे.

अध्यापक महाविद्यालयातील प्राध्यापक, कोल्हापूर

वरच्या अनुभवांना शिक्षणमानसशास्त्रात आधार आहे. प्रौढशिक्षणाचे अभ्यासक माल्कम नोल्स यांनी प्रौढांचा पूर्वानुभव हे शिकण्याचे साधन मानले, ते सर्वांना ठाऊक आहे. त्यापेक्षा उपयोगी मला कल्युगा, स्वेलर आणि त्यांच्या सहकारी संशोधकांचे काम वाटते. नवख्याला पायरी-पायरीने सोडवून दाखवलेले उदाहरण मदत करते, परंतु तेच उदाहरण जाणकाराला अडथळा ठरू शकते, कारण त्याला ठाऊक असलेल्या गोष्टी पुन्हा वाचण्यात त्याचे लक्ष खर्ची पडते. म्हणून सर्वांना एकच टिपण वाटणे निष्पक्षपाती दिसले, तरी तसे असत नाही.

शिवणकामाच्या प्रशिक्षिका, इचलकरंजी

मी थोडी वेगळी बाजू मांडते. वर सर्वांनी मिश्र वर्ग गोड मानून घेतला आहे. माझ्या वर्गात घरी ब्लाउज शिवून संसार चालवणाऱ्या बायका येतात, त्यांना प्रमाणपत्र हवे असते आणि त्यांचा प्रत्येक तास म्हणजे बुडालेली मजुरी असते. त्यांनी नवख्या मुलींना सुईत दोरा ओवायला शिकवत बसावे, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. त्यांच्या हातून शिकवण्याचे काम आपण फुकट करून घेतो. पूर्वकौशल्याची चाचणी घेऊन थेट प्रमाणपत्र देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत ठेवली गेली, ती याच कारणासाठी. जिथे शक्य आहे तिथे त्यांची बॅच वेगळी करावी आणि त्यात फक्त बाही व गळ्याचे कागदी कटिंग शिकवावे, कारण त्या अंदाजाने कापतात आणि गिऱ्हाईक बदलले की अंदाज चुकतो.

विद्यार्थी, निवृत्त बँक रोखपाल, ताराबाई पार्क

मी या सगळ्यात शिकणाऱ्याच्या बाजूने लिहितो. संगणकावरील हिशेबाच्या वर्गात माझ्या नातवाच्या वयाची मुले होती. नावे-जमा मला हातच्या वहीत येत होते, माउस मात्र हातात धरवत नव्हता. शिक्षकांनी पहिले तीन धडे नावे-जमेवर घेतले, तेव्हा मी सौजन्याने गप्प बसलो, आणि नंतर खिडक्या उघडण्या-मिटण्याचा भाग त्यांनी पाच मिनिटांत उरकला, तेव्हा मुले गप्प बसली आणि मी बुडालो. वयाकडे पाहून मला सगळेच हळू शिकवावे, असे काही जण ठरवतात, तर अनुभवाकडे पाहून मला सगळे येतच असेल, असे काही जण ठरवतात. शिवणाच्या बाईंशी मी निम्मा सहमत आहे. हिशेबाचे तास मला वगळू द्यावेत, पण माउसच्या तासाला मला मुलांबरोबरच बसवावे, कारण माझी चूक कुठे होते आहे हे शिक्षकांआधी त्या मुलांनाच दिसत होते.