आतड्याच्या कॅन्सरसाठी दुर्बिणीशिवाय तपासणी: नाशिकमध्ये कोणती करावी?

इंदिरानगरची_लेक
आप्पा 64 वर्षांचे. त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. आप्पांना काहीच त्रास नाही, पण कोलोनोस्कोपीचं (दुर्बिणीने आतडं आतून तपासण्याचं) नाव काढलं की उठूनच जातात. शौचाच्या नमुन्यावरून कळतं म्हणतात, ते खरं का? एका लॅबमध्ये रक्तातली सीईए ही तपासणी सुचवली. माझं वय 46, मीही करून घेईन म्हणते.

पंचवटीकर
सीईएवर पैसे घालवू नका. ती कॅन्सर झालेल्यांवर लक्ष ठेवायला असते, सिगारेट ओढणाऱ्यांचीही वाढलेली येते. ‘फिट’ मागा, शौचाच्या नमुन्यातलं न दिसणारं रक्त शोधणारी तपासणी. ती फक्त माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन पकडते, त्यामुळे पथ्य नाही. त्याच कामाच्या जुन्या ऑकल्ट ब्लड तपासणीला आधी मटण बंद ठेवावं लागतं. लॅबमध्ये यातली कोणती करतात ते विचारूनच डबी घ्या.

लॅबवाली_नाशिकरोड
फिट चांगलीच आहे, पण आप्पांसाठी नको! सख्ख्या भावाला झालाय म्हणजे त्यांचा धोका जास्त. अशांना चाळिशीपासून, किंवा भावाला ज्या वयात निघाला त्याच्या दहा वर्षं आधीपासून, यातलं जे आधी येईल तेव्हापासून, बहुतेकदा कोलोनोस्कोपीच सांगतात. फिट रक्त शोधते आणि पॉलिपमधून (आतड्याच्या आत वाढणाऱ्या कोंबासारख्या गाठीतून) बऱ्याचदा रक्त येतच नाही. 2014 च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात फिटने कॅन्सर 74 टक्के पकडले, पण पुढे धोका ठरू शकणारे पॉलिप जेमतेम 24 टक्के. दुर्बिणीत पॉलिप दिसला की बहुतेक वेळा तिथेच काढतात, कॅन्सर व्हायच्या आधीच. आणि फिट पॉझिटिव्ह आली तरी शेवटी दुर्बीण आहेच.

ताई, तुमची गोष्ट वेगळी. घरात फक्त काकांनाच असेल आणि तुम्हाला त्रास नसेल, तर तुम्ही फिट करा, पण दर वर्षी. अमेरिकेत 2021 मध्ये सुरुवातीचं वय 50 वरून 45 वर आणलंय. मध्येच कधी शौचातून रक्त गेलं किंवा हिमोग्लोबिन उतरलं, तर मूळव्याध समजून घरी बसू नका, फिटचीही वाट बघू नका.

इंदिरानगरची_लेक
आप्पांना दुखण्याची भीती आहे. शुगरची गोळीही चालू आहे.

सिडकोचा_भाचा
माझ्या मामांची झाली. झोपेचं इंजेक्शन देतात, त्यांना काही कळलंसुद्धा नाही. त्रास आदल्या रात्रीचा, पोट साफ करायच्या औषधाचा. ते मात्र पूर्ण प्यायला लावा, अर्धवट राहिलं तर आत नीट दिसत नाही. शुगरची आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, मनाने बंद करू नका.

लॅबवाली_नाशिकरोड
गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिस्टकडे (पोटाच्या डॉक्टरांकडे) जाताना काकांचा बायॉप्सीचा रिपोर्ट न्या. कितव्या वर्षी निघाला, घरात आणखी कुणाला होता का, हे ते पहिल्यांदा विचारतील.

इंदिरानगरची_लेक
काकांनाच रविवारी घरी बोलावते. त्यांचं आप्पा ऐकतात.