हळदीच्या कॅप्सूल घेण्याआधी

आईच्या गुडघ्यांसाठी हळदीच्या कॅप्सूल द्याव्यात का, हा तुमचा प्रश्न. आणि तुमच्या प्रश्नावर एकांचं उत्तर, रोज हळदीचं दूध पुरे. दूध जरूर द्या, पण हिशोब बघा: हळदीत कर्क्युमिन, म्हणजे तिच्यातला गुणकारी मानला जाणारा घटक, ३ ते ५ टक्केच. चमचाभर हळदीतून शंभर-दीडशे मिलिग्रॅम मिळणार, तेही अंगात फारसं शोषलं जात नाही. म्हणून कॅप्सूलवाले त्यात मिऱ्यातलं पिपरीन घालतात. खरी मेख तिथेच आहे. पिपरीन इतर औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवू शकतं.

आमच्या कोथरूडच्या सासऱ्यांची रक्त पातळ करायची गोळी चालू होती. टेकडीवरच्या मित्रमंडळींचं ऐकून त्यांनी या कॅप्सूल सुरू केल्या, डॉक्टरांना न विचारता (पुणेकर, दुसरं काय!). पंधरा दिवसांत दात घासताना हिरड्यांतून रक्त. कारण कॅप्सूलच होती हे सिद्ध कोण करणार, पण डॉक्टरांनी त्या आधी बंद केल्या.

गुडघेदुखीसाठी ग्लुकोसामाईनच्या गोळ्याही मिळतात, पण त्यांवर मी पैसे घालणार नाही. २००६ च्या मोठ्या अमेरिकन चाचणीत एकूण रुग्णांत ते औषध नसलेल्या, नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा फारसं सरस ठरलं नाही. आईंना सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत?